इंटरफेरोग्राम ते वर्णपट : मधल्या पायऱ्यांवर कुणी बोलतच नाही

ढगाआडचा (धागाकर्ता)

मंगळावर मिथेन आहे की नाही, यावर अधूनमधून वाद पेटतो. आकड्यांवरून हमरीतुमरी होते, पण ज्या वर्णपटात मिथेनची रेघ दिसली तो वर्णपट कसा तयार झाला हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी उजळणी. फूरिये स्पेक्ट्रोमीटर प्रकाशाचे रंग वेगळे करतच नाही. मायकेलसनच्या मांडणीत किरण दुभागतो, एक भाग स्थिर आरशावरून आणि दुसरा सरकत्या आरशावरून परत येतो, आणि दोन्ही एकत्र होऊन डिटेक्टरवर पडतात. आरसा सरकेल तसा दोन मार्गांतला फरक बदलतो आणि डिटेक्टरवरची तीव्रता वरखाली होते. ही नोंद म्हणजे इंटरफेरोग्राम. त्याचं फूरिये रूपांतर केलं की वर्णपट. पायथनमध्ये एका ओळीचं काम, असं नवख्याला वाटतं.

आदर्श इंटरफेरोग्राम शून्य मार्गफरकाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि त्याच्या रूपांतरातून निव्वळ वास्तव संख्या बाहेर पडतात. प्रत्यक्षात असं कधीच होत नाही. बीमस्प्लिटरचा (किरण दुभागणाऱ्या चकतीचा) अपवर्तनांक तरंगसंख्येनुसार (एका सेंमीत किती लाटा मावतात त्यानुसार, एकक प्रति सेंमी) बदलतो, अँप्लिफायर आणि फिल्टर वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळा उशीर लावतात, आणि एखादा नमुना (टप्प्याटप्प्याने घेतलेली नोंद) नेमका शून्य मार्गफरकावर पडेल याची खात्री नसते. त्यामुळे इंटरफेरोग्राम किंचित कलंडलेला येतो आणि हाती लागतात त्या संमिश्र संख्या.

मग बरेच जण काय करतात? दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, झालं. आलेख देखणा येतो. पण गोंगाट शून्याच्या वरही जातो आणि खालीही. वर्गमूळ घेतलं की तो सगळा वरच येतो. सूर्याकडे पाहणाऱ्या उपकरणात काही तरंगसंख्यांवर पाण्याची वाफ प्रकाश पुरता गिळून टाकते. तिथे वर्णपट शून्याभोवती थरथरायला हवा. वर्गमूळवाला वर्णपट तिथे शून्याच्या जरा वर तरंगत राहतो. शून्यपातळीच हलली की तिच्यावरून मोजलेली प्रत्येक रेघेची खोली हलली.

यावर मेर्ट्झची पद्धत जुनी आणि सोपी आहे. शून्याभोवतीचा छोटा दुतर्फा तुकडा घ्यायचा आणि त्यातून कमी विभेदनाची (म्हणजे बारीक तपशील नसलेली) फेज, म्हणजे प्रत्येक तरंगसंख्येला त्या संमिश्र संख्येचा कोन, काढायची. फेज तरंगसंख्येनुसार सावकाश बदलते, म्हणून छोटा तुकडा पुरतो. त्या फेजने पूर्ण वर्णपट फिरवायचा आणि वास्तव भाग ठेवायचा. फोरमनने १९६६ मध्ये हेच काम इंटरफेरोग्रामवरच कन्व्होल्यूशनने करायची रीत दिली.

माझं म्हणणं एवढंच, की फिरवून झाल्यावर उरलेला काल्पनिक भाग फेकू नका. त्याचा आलेख काढा. त्यात निव्वळ गोंगाट असायला हवा. वायूच्या रेघांसारखं काही दिसलं तर फेज चुकली आहे, नमुने भलत्या जागी पडलेत, नाहीतर स्कॅन चालू असताना काहीतरी हललंय. वर्णपटाबरोबर काल्पनिक भागही प्रसिद्ध करायची पद्धत पडली, तर निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटतील.

---

उनाडपाखरू

दादा, मस्त धागा! मी एमएस्सीच्या प्रकल्पात नुकतीच या विषयात शिरलेय. एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे इंटरफेरोग्रामच्या शेवटी शून्यं जोडून चौपट लांब करतात. रेघा छान गुळगुळीत दिसतात. याने विभेदन वाढतं का? शिवाय एकाच उपकरणाचं विभेदन तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे देऊन लिहिलेलं पाहिलं. नेमकं कुठलं धरायचं?

---

बिनचूक

@उनाडपाखरू, शून्यं जोडल्याने विभेदन वाढत नाही. दोन बिंदूंमधली वक्र रेषा नीट काढली जाते, इतकंच. माहिती तेवढीच राहते. विभेदन ठरतं ते कमाल मार्गफरकावरून.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. वातावरणातले वायू मोजणाऱ्या टीसीसीओएन या भूस्थित जाळ्यात वापरतात ते ब्रुकरचं १२५एचआर घ्या, तिथे कमाल मार्गफरक ४५ सेंमी. एक भागिले दोनपट मार्गफरक केलं की ०.०११ प्रति सेंमी, हे स्वतंत्र बिंदूंमधलं अंतर. आरशाचा प्रवास जिथे संपतो तिथे इंटरफेरोग्राम एकदम तुटतो, त्यामुळे प्रत्येक रेघ सिंक फलनाच्या आकाराची (मधे शिखर, बाजूला लाटा) होते. त्या सिंकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.६०३५ भागिले ४५, म्हणजे ०.०१३४. आणि उत्पादकाच्या व्याख्येत ०.९ भागिले ४५, म्हणजे ०.०२. तिन्ही बरोबर आहेत. छोट्या ईएम२७ मध्ये मार्गफरक १.८ सेंमी, म्हणून त्याच व्याख्येने ०.५ येतं. आकड्यांपेक्षा मार्गफरक विचारावा.

धागाकर्त्यांना एक पुस्ती. काल्पनिक भागात निव्वळ गोंगाट असतो हे दुतर्फा स्कॅनसाठी खरं. एकतर्फी इंटरफेरोग्राममध्ये काल्पनिक भाग प्रत्येक रेघेपाशी वर-खाली हेलकावतोच, उपकरण ठणठणीत असलं तरी. तिथे घाबरून जायचं कारण नाही.

---

ढगाआडचा

पुस्ती रास्त. एकतर्फी स्कॅनमध्ये मी फक्त दुतर्फा भागाचा कमी विभेदनाचा काल्पनिक भाग बघतो. त्यातही एक मेख आहे. फेज ज्या तुकड्यातून काढली त्याच तुकड्याचा काल्पनिक भाग तपासला तर तो आपोआपच शून्य येतो आणि आपण खूश होतो. तपासायचा तुकडा त्याहून लांब हवा.

---

जुनी_तबकडी

मेर्ट्झ, मेर्ट्झ काय लावलंय. सूर्यासारखा झगझगीत स्रोत असेल तर ठीक. उष्ण अवरक्तात, जिथे तुम्ही वातावरणाचं स्वतःचं उत्सर्जन मोजता, तिथे एकेका वर्णपटावर मेर्ट्झ चालवणं म्हणजे हातानं वाट लावून घेणं.

तिथे उपकरण स्वतःच चमकत असतं. आरसे, खिडकी, सगळं तापमानानुसार उत्सर्जन करतं, आणि खुद्द बीमस्प्लिटरचं उत्सर्जन बाहेरून आलेल्या प्रकाशाच्या फेजमध्ये नसतं. म्हणजे एकाच वर्णपटात दोन फेजा मिसळलेल्या. त्यातून एक फेज काढून सगळं फिरवलं तर ती ना याची, ना त्याची. थंड लक्ष्याकडे पाहताना तर फेजचा आलेख मधेच उडी मारतो.

रेव्हरकोम्ब आणि मंडळींनी १९८८ मध्ये यावर साधा तोडगा दिला. गरम कृष्णिका (ज्ञात तापमानाचा काळा संदर्भस्रोत) पाहा, थंड कृष्णिका पाहा, मग लक्ष्य पाहा. तिन्ही वर्णपट संमिश्रच ठेवा. लक्ष्यातून थंड वजा करा, गरममधून थंड वजा करा, आणि मग भागाकार. वजाबाकीत उपकरणाचं स्वतःचं उत्सर्जन त्याच्या वाकड्या फेजसकट उडतं. भागाकारात उरलेली फेज उडते. वास्तव भाग घ्या, त्याला दोन्ही कृष्णिकांच्या प्लांक-फलनांतल्या (तापमानावरून निघणाऱ्या उत्सर्जनांतल्या) फरकाने गुणा आणि थंडचं प्लांक-फलन मिळवा. फेज वेगळी काढायची गरजच नाही.

तुमच्या मूळ मुद्द्याशी मात्र सहमत. या भागाकाराचा काल्पनिक भाग हाच सगळ्यात चोख तपासनीस. उपकरणाचं तापमान दोन दृश्यांच्या मधे सरकलं, तर तो लगेच चुगली करतो.

---

ढगाआडचा

धाग्यात मी सूर्य पाहणारी उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. उष्ण अवरक्तासाठी तुमचीच रीत. उलट यातून माझा मुद्दा पक्का होतो, की संमिश्र संख्या शेवटपर्यंत संमिश्रच ठेवाव्यात.

---

सप्तर्षी८

ग्रहांकडचं सांगतो. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानावरच्या सीआयआरएस या फूरिये स्पेक्ट्रोमीटरचं पहिलं फोकल प्लेन (डिटेक्टरची जागा) १० ते ६०० प्रति सेंमी बघायचं. त्याचा थर्मोपाइल डिटेक्टर आणि उपकरण दोन्ही सुमारे १७० केल्विनला. समोर शनी किंवा टायटन, दोघेही त्याहून थंड. म्हणजे डिटेक्टरकडे उष्णता येत नाही, डिटेक्टरच बाहेर उष्णता फेकतो. इंटरफेरोग्रामचं मधलं शिखर उलटं पडतं, शिखराऐवजी खड्डा! हे चिन्ह म्हणजेच मोजमाप. कुणी वर्गमूळवाली पद्धत लावली तर शनी उपकरणापेक्षा तापलेला निघेल. व्हॉयेजरच्या आयरिस स्पेक्ट्रोमीटरमध्येही हीच कल्पना होती. उपकरण २०० केल्विनवर स्थिर धरलेलं, संदर्भ म्हणून मोकळं अवकाश.

गंमत बघा, याच सीआयआरएसने २००५ मध्ये एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावरची ऊब पकडली, आणि २०१३ मध्ये टायटनवरचा प्रोपीन याच्याच वर्णपटांतून निघाला. त्या वर्णपटांत यानाच्या विजेच्या घड्याळी स्पंदांमुळे येणारे नियमित काटे होते. ते उपटण्यात किती मेहनत गेली असेल, ते कुठल्या बातमीत येत नाही.

---

रानवारा

वाखूसा (वाचनखूण साठवली). अर्धं डोक्यावरून गेलं, पण वाचत राहणार. तेवढं मंगळाचं सांगा ना, सुरुवात तिथून झाली आणि गाडी शनीवर गेली.

---

सप्तर्षी८

@रानवारा, घ्या मंगळ. मार्स एक्सप्रेस यानावरचं पीएफएस हे फूरिये स्पेक्ट्रोमीटर. विभेदन सुमारे १.३ प्रति सेंमी. २००४ मध्ये फोर्मिसानो आणि सहकाऱ्यांनी त्यातून सरासरी १० पीपीबी (अब्ज भागांत दहा भाग) मिथेन सांगितलं. आधार होता ३०१८ प्रति सेंमीच्या आसपासच्या चिमुकल्या रेघेचा. ती एका वर्णपटात दिसतच नाही. असंख्य वर्णपटांची सरासरी घ्यावी लागते.

सरासरीने यादृच्छिक गोंगाट दबतो. पण यानातली सूक्ष्म कंपनं आरशाला हलवत असतील, तर त्यातून येणारी भुतं, म्हणजे खोट्या रेघा, दरवेळी तिथेच उमटतात आणि सरासरीत उलट जास्त ठळक होतात. पीएफएसमध्ये अशी भुतं होती, आणि ती कशी ओळखायची यावर त्याच गटाने स्वतंत्र काम केलं आहे. त्यामुळे रेघ खोटी असं म्हणत नाही मी. २०१९ मध्ये त्याच उपकरणातून १६ जून २०१३ चं १५.५ पीपीबीचं निरीक्षण पुढे आलं, क्युरिऑसिटी बग्गीने गेल विवरात वाढ नोंदवली त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं. आणि त्याच वर्षी ट्रेस गॅस ऑर्बिटरने सांगितलं की मिथेन दिसत नाही, असलंच तर ०.०५ पीपीबीच्या खाली. दोन्ही बाजूंची माणसं कसलेली आहेत. म्हणूनच खालच्या पायऱ्या बघाव्या लागतात.

---

बिनचूक

भुतांचा विषय निघालाच आहे तर पृथ्वीवरचं भूत दाखवतो, कारण त्याचं गणित बोटावर करता येतं.

आरसा कुठे आहे हे कळावं म्हणून हेलियम-निऑन लेझरची ६३२.८ नॅनोमीटरची किरणं त्याच इंटरफेरोमीटरमधून नेतात. लेझरचा संकेत दर वेळी शून्य ओलांडतो तेव्हा एक नमुना घेतात, चढतानाही आणि उतरतानाही. आता शून्याची पातळी इलेक्ट्रॉनिक्समध्ये जराशी सरकलेली असेल तर? चढतानाचे नमुने थोडे लवकर, उतरतानाचे थोडे उशिरा. म्हणजे सम आणि विषम नमुने आलटून पालटून सरकलेले. अशी आलटूनपालटूनची चूक वर्णपट आरशासारखा उलटा करून त्याची फिकट प्रत टाकते. लेझरची तरंगसंख्या १५७९८, तिच्या निम्म्यावर, म्हणजे ७८९९ वर, घडी पडते.

टीसीसीओएन जाळ्यात ऑक्सिजन मोजतात तो पट्टा ७८८५ भोवतीचा. त्याचं भूत १५७९८ वजा ७८८५, म्हणजे ७९१३ ला. पट्ट्याच्या कुशीतच! तिथे कार्बन डायऑक्साइडच्या स्तंभाला ऑक्सिजनच्या स्तंभाने भागून ०.२०९५ ने गुणतात, म्हणजे ऑक्सिजनमधली खोट थेट अंतिम आकड्यात उतरते. वर्णपट नुसता बघून हे भूत दिसत नाही, कारण ते खऱ्या रेघांच्या अंगावर बसलेलं असतं. उपाय म्हणजे सरकण्याचं माप काढून नमुने पुन्हा योग्य जागी आणणं. आणि त्यासाठी मूळ इंटरफेरोग्राम जपलेला हवा.

---

जुनी_तबकडी

जपायला हवा म्हणणं सोपं आहे. उपग्रहावरून पृथ्वीवर माहिती पाठवायची क्षमता मोजकी असते. हवामान उपग्रहांवरचं आयएएसआय हे उपकरण रूपांतर आणि कॅलिब्रेशन यानावरच उरकतं आणि वर्णपट पाठवतं. ६४५ ते २७६०, दर ०.२५ प्रति सेंमीला एक, असे ८४६१ चॅनेल. २००७ पासून हवामान अंदाजांत ते बिनबोभाट चाललंय. इंटरफेरोग्रामवाचून कुणाचं अडलं?

---

ढगाआडचा

अडलं नाही, कारण ते उपकरण फार नेटकं निघालं. पण अमेरिकी हवामान उपग्रहांवरचं क्रिस बघा. ते इंटरफेरोग्रामच खाली पाठवतं. आरसा तिन्ही पट्ट्यांसाठी ०.८ सेंमी मार्गफरकाइतका सरकत होता, पण मधल्या आणि लघुतरंग पट्ट्यांचे इंटरफेरोग्राम सुरुवातीला आखूड कापले जात, म्हणून विभेदन ०.६२५, १.२५ आणि २.५ असं उतरंडीचं. डिसेंबर २०१४ पासून पूर्ण लांबी पाठवायला लागले आणि तिन्ही पट्टे ०.६२५ वर आले. यंत्राला हातही न लावता.

---

उनाडपाखरू

क्रिसच्या माहितीवर हॅमिंग अपोडायझेशन करून वापरतात असं वाचलं. आमच्याकडे एक गट म्हणतो अपोडायझेशन केलंच पाहिजे, दुसरा म्हणतो ते पाप आहे. कोण खरं?

---

बिनचूक

दोघंही, आणि दोघं एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

सिंकच्या बाजूला लाटा असतात, पहिली उणे दिशेने सुमारे २२ टक्के. एका बळकट रेघेच्या लाटा दूरवरच्या चॅनेलांत सांडतात. अपोडायझेशन म्हणजे इंटरफेरोग्रामच्या टोकांकडे वजन हळूहळू उतरवणं. लाटा बसतात, रेघ रुंदावते. टीसीसीओएनवाले करत नाहीत. ते सिंक आकार थेट प्रतिमानातच घालतात, आणि तेही बरोबरच.

दुर्लक्ष होतं ते गोंगाटाकडे. क्रिसच्या बिंदू-अंतरावर हॅमिंग म्हणजे प्रत्येक चॅनेल ०.५४ पट आणि दोन्ही शेजारी ०.२३ पट. आधी गोंगाट स्वतंत्र होता. आता शेजारच्या चॅनेलांत तो सामायिक झाला. गणित करा. एका चॅनेलचं विचरण ०.५४ चा वर्ग अधिक दोनदा ०.२३ चा वर्ग, म्हणजे ०.३९७४. शेजाऱ्याशी सहविचरण दोनदा ०.५४ गुणिले ०.२३, म्हणजे ०.२४८४. भागाकार ०.६२५. एक सोडून पुढच्याशी ०.१३३. प्रतिलोमनात (वर्णपटावरून वातावरणाची स्थिती काढताना) गोंगाटाचं सहविचरण मॅट्रिक्स नुसतं कर्णाचं ठेवलंत, म्हणजे शेजाऱ्यांचा संबंध शून्य धरलात, तर त्रुटीचे अंदाज बिनबुडाचे ठरतात. मॅट्रिक्समध्ये हे आकडे घातले की माहिती तसूभरही हरवत नाही, कारण हॅमिंग उलटवता येतं.

---

सप्तर्षी८

+१. एन्व्हिसॅट उपग्रहावरच्या मिपास स्पेक्ट्रोमीटरचं उदाहरण आठवलं. २००४ मध्ये त्याच्या सरकत्या आरशाची यंत्रणा अडखळायला लागली, तेव्हा २००५ पासून मार्गफरक २० सेंमीवरून सुमारे ८ वर आणून ते चालवलं. विभेदन घटलं, पण स्कॅन लवकर संपू लागल्याने वातावरणाचे थर जास्त दाट मोजता आले. २०१२ मध्ये एन्व्हिसॅटशी संपर्क तुटेपर्यंत चाललं.

---

जुनी_तबकडी

तिरक्या किरणांचं कुणी बोललं नाही अजून. अक्षाशी १ अंश तिरका जाणारा किरण १००० प्रति सेंमीची रेघ ९९९.८५ वर दाखवतो, कारण त्याला मार्गफरक कोसाइनने कमी पडतो. अनेक डिटेक्टरांच्या जाळीत कोपऱ्यातल्या डिटेक्टरची तरंगसंख्या-पट्टी वेगळी दुरुस्त न करता सरासरी घेतली की रेघा फासल्या जातात.

आणि पारा-कॅडमियम-टेल्युराइड डिटेक्टरची अरेषीयता (प्रकाश दुप्पट झाला तरी संकेत नेमका दुप्पट न होणं). डिटेक्टर जिथे आंधळाच आहे, त्या कमी तरंगसंख्यांच्या भागात संकेत दिसला तर समजा, वर्णपट स्वतःशीच गुणला जाऊन तिथे सांडलाय.

---

उनाडपाखरू

शेवटचा प्रश्न. समजा मला काल्पनिक भागात काहीतरी दिसलं, किंवा वास्तव भागात अनोळखी रेघ दिसली. ती वायूची की कंपनाची, हे ठरवायचं कसं?

---

ढगाआडचा

आरशाचा वेग बदल. वायूची रेघ तरंगसंख्येवर असते, ती हलणार नाही. विजेचा किंवा पंपाचा त्रास ठरावीक हर्ट्झचा असतो, तो हलतो. लेझरचे पट्टे १० किलोहर्ट्झने मोजत असशील तर मार्गफरक सेकंदाला ०.६३३ सेंमीने वाढतो आणि ५० हर्ट्झचा त्रास ७९ प्रति सेंमीवर उमटतो. ७.५ किलोहर्ट्झवर तोच १०५ वर जातो. हा त्रास संकेतात नुसता मिसळला असेल तर तिथेच काटा दिसेल. आरसाच ५० हर्ट्झने थरथरत असेल तर प्रत्येक खऱ्या रचनेच्या दोन्ही बाजूंना ७९ च्या अंतरावर भुतं दिसतील, आणि वेग बदलला की ती १०५ वर सरकतील.

यानावर वेग बदलता येतोच असं नाही. तिथे फेज आणि काल्पनिक भाग एवढाच आधार.

---

उनाडपाखरू

आमच्याकडे पुढचे आणि मागचे स्कॅन आधी एकत्र करून मग फेज काढतात. चालेल ना?

---

ढगाआडचा

नको. इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर पुढे जाताना एका दिशेला ढकलतो आणि मागे येताना दुसऱ्या. दोन्हींची फेज वेगळी येते. आधी दोन्ही वेगवेगळे दुरुस्त कर, काल्पनिक भाग शेजारी शेजारी ठेवून बघ, आणि मगच बेरीज.